डोंगरातला सुळा

३ मार्च

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझ्या बायकोची तब्येत आणि माझ्या भाचीचा दंगा, तिन्ही उत्तम चालू असतील असं धरून चालते. विचारायची सोय तू ठेवली नाहीस. सात वर्षं झाली, माझा नंबर दिसला की फोन वाजून वाजून बंद पडतो. म्हणून शेवटी कागद काढला. पत्र आपलं येऊन पडतं, त्याला उचलावं लागत नाही.

इकडे सगळं ठीक. मी गेल्या वर्षी काम बंद केलं. छत्तीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या, आता त्यांचं त्यांनी चावावं. तरी डॉक्टर अधूनमधून एखादं अवघड तोंड माझ्याकडे पाठवतात आणि मीही नाही म्हणत नाही. तुझे भावोजीही निवृत्त झाले, पण वर्तमानपत्राचा छापखाना सुटला तरी मुद्रितं तपासायची खोड काही सुटली नाही. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, कुणाची पत्रिका, दिसेल तिथे लाल पेन चालवतात. परवा माझ्या वाणसामानाच्या यादीत तीन चुका काढल्या. मी म्हटलं, तांदूळ ऱ्हस्व लिहिला तरी शिजतोच. त्यावर त्यांनी यादीत चौथी चूक शोधली.

गुडघे दुखतात. ते वयाप्रमाणे.

आता खरी बातमी. वरच्या खोलीतलं गाव उघडलंय.

सोमवारी सकाळी हे चहा पिऊन वर गेले ते दुपारपर्यंत खाली येईनात. मी जिना चढून बघते तर चादर बाजूला पडलेली आणि हे दाढीचा ब्रश घेऊन छोट्या आगगाडीच्या रुळांवरची धूळ झाडतायत. स्टेशन, बोगदा, पाण्याची टाकी, बाजार, सगळं जसंच्या तसं. माणसंही तशीच, दोन-दोन सेंटिमीटरची, सात वर्षं एका पायावर उभी. आणि त्यांच्या मधे तुझे सगळे उपद्व्याप.

आठवतंय का तुला? तू यायचास, गप्पा मारायचास, जेवायचास आणि जाण्याआधी वर जाऊन गावात कुठेतरी एक विसंगत वस्तू ठेवून निघून जायचास. तुझा नियम असा की गोंद लावायचा नाही, नुसती ठेवायची. आणि यांचा नियम असा की सापडलेली वस्तू फेकायची नाही, तिला गावात कामाला लावायचं. जगात कुणी असा खेळ खेळत असेल का, मला ठाऊक नाही. तू स्टेशनासमोर बुद्धिबळातलं प्यादं उभं केलंस, यांनी त्याच्याभोवती कठडा बांधला आणि ते नगराध्यक्षांचा पुतळा झालं. तू मालगाडीवर प्लास्टिकची कोंबडी बसवलीस, स्टेशनमास्तरहून उंच. यांनी डब्यावर पाटी लावली, ‘सजीव माल, सांभाळून’. माझ्या टेबलावरच्या चार बाद दाढा पळवून तू रुळाशेजारी रोवल्यास, यांनी त्यांच्यावर आकडे रंगवून मैलाचे दगड केले. शर्टाचं बटण म्हणजे गटाराचं झाकण, टूथपेस्टचं टोपण म्हणजे विहिरीचा पोहरा. सगळं जिथल्या तिथे आहे.

फलाटावरच्या बाकाशेजारी तुझा तो गोगलगायीचा शंख अजून गाडीची वाट पाहतोय. त्याच्याजवळ यांनी ठेवलेली काडीपेटीच्या पुठ्ठ्याची बॅगही आहे. ती यांनी दोन बोटांनी उचलली, फुंकर मारली, परत ठेवली आणि मला म्हणाले, हिची गाडी फारच उशिरा धावतेय. मी हसले आणि पदर डोळ्याला लावून खाली आले.

तर मुद्दा असा. हौशी मंडळाचं प्रदर्शन एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी आहे. चिटणीस घरी येऊन सांगून गेले की यंदा गाव आणाच. यांनी हो म्हटलंय. तू यावंस असं मला वाटतं. यांनाही वाटतं, बोलणार नाहीत, पण मी एकतीस वर्षं यांना ओळखते. राग केव्हाच ओसरलाय. झालं गेलं, त्या एका गोष्टीचं आता काय घेऊन बसायचं? तू ये, हसून एक शब्द बोल, की सगळं मिटलं. भाचीलाही आण. दोन वर्षांची होती, आता नऊची असेल. मी तिला रस्त्यात ओळखणारही नाही, हे बरं आहे का?

नक्की ये. स्वेटर घालत जा, छातीत कफ होतो तुला.

तुझी,
ताई


२१ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. ‘पत्र पोचलं. सगळं आहे, दात सोडून.’ सहा शब्द. एवढ्या मोठ्या माझ्या पत्राला सहा शब्द, तेही उघड्या कार्डावर. पोस्टमनने वाचलंच असणार, कारण कार्ड देताना तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, बाईंनी कुणाची तरी कवळी अर्धवट पाठवली.

आधी मला राग आला. मोठ्या बहिणीला असं लिहितात का, म्हणून मी कार्ड डब्यामागे सरकवून ठेवलं. मग तीनदा उत्तर लिहायला बसले आणि तीनदा हवापाणी लिहून कागद फाडले. आमच्याकडे हवा चांगली आहे, हे एकदाच लिहिते आणि मोकळी होते.

परवा जे घडलं ते सांगते. त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

गावामागचा बर्फाचा डोंगर दुरुस्त करायला यांनी घेतला. सात वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनात परीक्षकांसमोर यांनी तो सुळा चिमट्याने उपटून काढला होता, त्याचं भोक अजून तसंच आहे. मला हाक मारली. भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘तू आयुष्यभर दातांचे ठसे घेतलेस. मला सांग, हा ठसा कसा पडला?’’

मी बघितलं. बघायची काही गरज नव्हती. भोक चारी बाजूंनी गुळगुळीत, सुळ्याची एकेक रेघ उमटलेली. कोरून बसवलेला दात असा ठसा सोडत नाही. प्लास्टर ओलं असताना तो आत होता, दुसरं काही असूच शकत नाही.

यांनीच पुढे बोलायला सुरुवात केली. डोंगराचं प्लास्टर प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी ओतलं. ते दहा मिनिटांत धरतं. धाकटा आला तो प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. आणि त्याने कधी कुठली वस्तू चिकटवली नाही, माझं काही मोडेल असं त्याने कधी केलं नाही. मग? असं म्हणून यांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिले. यांना संशय नव्हता रे. हे खरोखरच मला विचारत होते, जाणकार म्हणून.

मी म्हटलं, उजेड कमी आहे, उद्या बघते. सकाळचे अकरा वाजले होते.

धाकट्या, तो सुळा माझ्या टेबलावरचा होता.

आता एका दमात लिहिते, मधे थांबले तर पुन्हा हवापाण्यावर जाईन. त्या वर्षी डोंगरासाठी लागणारं प्लास्टर मीच कालवून दिलं होतं, माझ्याच रबरी भांड्यात, कवळीचं काम बाजूला सारून. त्या संध्याकाळी एका म्हातारबाबांच्या कवळीला वरचा डावा सुळा कमी निघाला. तीन नंबरची पिवळट छटा. दोन दिवस शोधला, झाडू मारला, जमिनीवर ओणवी होऊन पाहिलं, शेवटी दुसऱ्या संचातला लावून मोकळी झाले. तो प्लास्टरमधे पडून डोंगरात गेला असेल हे स्वप्नातही आलं नाही. वर पातळ थर होता, त्यावर पांढरा रंग. ट्रकमधून नेताना हादरे बसून तो पापुद्रा उडाला आणि ऐन परीक्षकांसमोर बर्फातून पिवळा सुळा वर आला. परीक्षकांतले ते निवृत्त इंजिनियर भिंग लावून वाकले आणि विचारते झाले की हा प्रदेश भूकंपाचा आहे की कीड लागलेला. सगळा हॉल हसला. तू सगळ्यात मोठ्याने हसलास.

तिथेच तू फसलास. मैलाच्या दगडांच्या दाढा सगळ्यांना माहीत होत्या, त्यामुळे यांनी तुझ्याकडेच बघितलं. अकरा वर्षांचं काम, पहिलं बक्षीस हातात आल्यात जमा, आणि वर त्या सुळ्याचा फोटो यांच्याच वर्तमानपत्रात. तुला हे माहीत नसेल. त्या फोटोखालची थट्टेची ओळ तपासायला यांच्याच टेबलावर आली होती. यांनी ती वाचली, त्यात चूक नव्हती, सही करून छापायला पाठवली. घरी येऊन मला एवढंच सांगितलं आणि जेवले नाहीत.

पण ते नंतरचं. त्या हॉलमधे, भाची तुझ्या खांद्यावर असताना, यांनी तुला सगळ्यांदेखत म्हटलं की माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. तू म्हणालास, मी नाही केलं. मी शेजारी उभी होते. छटा मी लांबूनच ओळखली होती. छत्तीस वर्षांत माझी छटा कधी चुकली नाही.

मी का बोलले नाही? याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ वेळा बनवून दिलं. यांची तब्येत, लोकांची गर्दी, वगैरे. खरं उत्तर असं की त्या सगळ्या गावात तो डोंगर एवढाच माझा होता. तुमच्या त्या लपवाछपवीच्या खेळात मला कधी जागा नव्हती. तुम्ही दोघं वर खिदळायचात आणि मी खालून विचारायचे, चहा टाकू का. मला तुमचा हेवा वाटायचा. लिहिलं बाई एकदाचं. डोंगर झाला तेव्हा यांनी पहिल्यांदा म्हटलं होतं की हा तुझ्या हातचा, असा मला जमला नसता. मग त्याच डोंगराने यांची शोभा केली, हे माझ्या तोंडून निघेना. वाटलं, धाकट्याचं काय, तो आठ दिवसांत विसरेल. भाऊ आहे, जाईल कुठे?

आणि दुसऱ्या दिवशी तू फोन केलास. तो फोन तुला शब्दन् शब्द आठवत असेल, मलाही आठवतो. तू म्हणालास, ‘‘ताई, ते नाही मानत तर राहू दे. तू तरी सांग, तुझा विश्वास आहे ना?’’

मी म्हटलं, ‘‘माफी मागून टाक, विषय संपव.’’

माहीत असून म्हटलं. तू फोन ठेवलास, त्यानंतर तुझा आवाज मी ऐकला नाही. आणि गेल्या पत्रात मी पुन्हा तेच लिहिलं, ये आणि एक शब्द बोल. सगळं लिहून तो एक दात मी गाळला होता, आणि ते दाखवणाऱ्या तुझ्या सहा शब्दांवर मी रागावले होते! लाज वाटते मला.

यांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं. उद्या सकाळी सांगणार आहे. हे पत्र आत्ताच पेटीत टाकून येते, म्हणजे मागे फिरायला वाट राहणार नाही.

ताई


३० मार्च

धाकट्या,

सांगितलं.

सकाळी हे पेपर वाचत होते, हातात लाल पेन. मी समोर बसून म्हटलं, तो ठसा माझ्या सुळ्याचा आहे, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. यांनी पेनाचं टोपण लावलं, पेपराची घडी घातली. माझ्या अंगावर ओरडले असते तर बरं झालं असतं. एकच विचारलं, तो नाही म्हणाला तेव्हा तुला माहीत होतं? मी हो म्हटलं. हे उठून वर गेले.

तीन दिवस आमच्या घरात मीठ दे आणि दिवा घालव एवढंच बोलणं झालं. मी वाटेल ते ऐकायच्या तयारीत होते. माझ्या मनात आलं की हे आता मलाच दाराबाहेर काढतील, आणि खरं सांगू, त्यात मला काही वावगं वाटलं नसतं. चौथ्या दिवशी हे खाली आले ते चांगले कपडे घालून. मंडळाच्या चिटणिसांकडे जाऊन आले आणि मला म्हणाले की यंदा गाव प्रदर्शनात न्यायचं नाही असं सांगून आलो. मी म्हटलं, अहो, सात वर्षांनी संधी आली होती, माझ्यामुळे तीही घालवू नका. तेव्हा जे बोलले ते तुला कळावं म्हणून लिहिते.

म्हणाले, ‘‘तू गप्प बसलीस, ते तुझं. पण मी त्याला विचारलंसुद्धा नाही. एका शब्दाची चूक असली तरी मी मूळ प्रत मागवायचो, आणि त्याच्या बाबतीत मी नुसता सुळा बघून सही केली. त्याला तिकडे उभं करून मी टाळ्या घ्यायच्या का? आधी त्याच्या घरी जाऊ.’’

असं म्हणून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. रडत होते. मी आत गेले नाही. एकतीस वर्षांत यांना दुसऱ्यांदा रडताना ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तू हॉलमधून निघून गेला होतास.

माझ्याशी बोलणं हळूहळू सुरू झालंय. अजून पूर्वीसारखं नाही, होईल तेव्हा होईल. त्याची घाई मी करणार नाही.

तेव्हा पहिल्या पत्रातलं आमंत्रण मी मागे घेते. तू यायचं नाहीस. तू कशाला येशील? आम्ही येतोय. येत्या शनिवारी, अकराच्या गाडीने. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, पत्ता मला पाठ आहे, सात वर्षांत किती पाकिटांवर लिहून फाडलाय. जगाच्या लिफ्ट दुरुस्त करतोस, पण तुझ्या इमारतीतली बंदच असते असं ऐकून आहे. हरकत नाही. चार मजले मी गुडघ्यांना शिव्या देत चढेन.

घंटी एकदाच वाजवीन. तू दार उघडलंस तर सगळ्यांसमोर बोलेन, तुझ्या बायकोसमोर आणि मुलीसमोरही. आत्याकडे का जात नाही, असं तिने कधी ना कधी विचारलं असेल. तू काय उत्तर दिलंस मला माहीत नाही, पण माझी खात्री आहे की तू माझं नाव वाईट होऊ दिलं नसशील. तू तसाच आहेस. म्हणून तिला मीच सांगणार, की तुझ्या बाबाने काही केलं नव्हतं, केलं ते आत्याने, आणि बाबाला एकटं पाडलं तेही आत्याने. लहान मुलं असल्या गोष्टी सहज माफ करत नाहीत, ते मी सोसेन.

तू माफ करावंस असं या पत्रात मी कुठेही लिहिलेलं नाही, वाटलं तर पुन्हा वाचून बघ. मी तुला सात वर्षांपूर्वी माफी मागायला सांगितलं होतं. ती माझी होती, मी घेऊन येतेय.

आणि दार उघडलं नाहीस तरी मला राग येणार नाही. हे जिन्यात बसतील, मी त्यांच्या शेजारी बसेन. संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ. त्याच्या पुढच्याही. आम्ही दोघं आता निवृत्त आहोत, आमचे सगळे शनिवार रिकामे आहेत.

तू ते केलं नव्हतंस, हे पहिल्या क्षणापासून माहीत असलेली,

तुझी ताई